मीटरचा बाण

५ फेब्रुवारी, गुरुवार
पाणीखात्याची नोटीस आली. घराघराला स्वतंत्र मीटर, तोही मेन व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, महिनाअखेरपर्यंत. बरं झालं. घरात पुरुषमाणूस कशाला असतो ते दिसायला असं काहीतरी यावंच लागतं.
ही लेकीकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला आता तिसरा महिना. जाताना म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं ठिबकतोय, तुमचा रविवार काही उजाडत नाही, या घरात एक काम धड होत नाही. रागात माणूस बोलतो. मीटर माझ्या हाताने बसला की येईल. तसं ती म्हणालेली नाही, पण संसार केलाय मी तिच्याबरोबर.

७ फेब्रुवारी, शनिवार
मीटर आणला. दुकानदाराने विचारलं, काका, प्लंबर पाठवू का? मी नुसता हसलो. अख्खं ऑफिस चालवलेल्या माणसाला एक मीटर जड नाही. खोक्यात माहितीपत्रक आहे. अक्षर फार बारीक. माझा चष्मा ही कुठे ठेवते, देव जाणे.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
उजाडला रविवार!

दुपारी
काम सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा असतो हे मला माहीत होतं. किती फिरवला म्हणजे बंद, एवढाच तपशील राहिला. पाणी जिन्यावरून खाली गेलं. खालच्या वहिनी वर येऊन म्हणाल्या, भाऊजी, आमचं पायपुसणं पोहायला लागलंय. विनोदी बाई. शर्ट बदलला.

संध्याकाळी
बसला! दोन्ही टोकांना टेप गुंडाळून, पान्ह्याने आवळून. मीटरच्या अंगावर एक बाण आहे. विचार केला, पाणी येतं रस्त्याकडून, तर बाण तिकडेच बोट दाखवणार, की बाबा रे, हे तिथून आलं. तसाच बसवला. डोकं असलं की माहितीपत्रक लागत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
काल मीटरवर सगळी शून्यं होती. आज अंघोळ आणि एक कप चहा, तर सगळे नऊ. नवा आहे, उत्साहात असेल. ऑफिसात नवीन लागलेले असेच असायचे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आकडा रोज थोडा थोडा खाली येतोय. काटकसर म्हणतात ती हीच. सांगायला फोन केला. लेकीने उचलला. म्हणाली, बाबा, आई कामात आहे. मागून हिच्या हसण्याचा आवाज आला. कामात हसत असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज ही स्वतः फोनवर आली. काटकसरीचं सांगितलं. ती म्हणाली, अहो, मीटरचा आकडा कधी खाली येतो का? मी म्हटलं, आपला येतो. ती म्हणाली, माझ्या माहितीतला प्लंबर पाठवते, त्याच्याशी वाद घालू नका.
म्हणजे लक्ष घराकडेच आहे. हिची उशी गच्चीवर उन्हात टाकली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
प्लंबर आला. मीटर पाहून मटकन खाली बसला. म्हणाला, काका, पाणी जिकडे जातं तिकडे बाण हवा, घराकडे. मीटर उलटा मोजतोय, खात्याला वाटेल तुम्हीच त्यांना पाणी पुरवता. कल्पना वाईट नाही, पण वाद घालायचा नव्हता.
त्याने व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, मीटर फिरवून बसवला, व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. मग घरातले सगळे नळ बंद करायला लावले. आता काटा हलता कामा नये, म्हणाला. हलत होता. स्वयंपाकघरातला नळ. त्याने वॉशर बदलला. दोन वर्षांचं काम, चहा निवायच्या आत उरकलं. मी बॅटरी धरली होती, म्हणजे केलं दोघांनीच.
लगेच हिला कळवलं. मीटर सुलटा, नळ बंद, आता बोल. ती खरंच खूश झाली. म्हणाली, चला, तुमचं एकट्याचं नीट चाललंय म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही. मी आता इथेच राहीन म्हणते.
मी म्हटलं, छान.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
करमत नाही. नळ ठिबकायचा तेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी आहे असं वाटायचं. मीटरपाशी स्टूल टाकून बसलो. काटा हलत नाही. एकट्या माणसाला पाणी लागून लागून किती लागणार.
उशी परत आत आणली.

२२ फेब्रुवारी, रविवार
जुना वॉशर टाकून दिला नव्हता, बरं झालं. आधी व्हॉल्व्ह बंद केला, अगदी पूर्ण. एक थेंब सांडला नाही. नवा वॉशर काढला, जुना बसवला, व्हॉल्व्ह उघडला. नळ ठिबकायला लागला, काटा हलला. एवढं नेटकं काम मी आजवर केलं नव्हतं.
हिला फोन केला. सांगितलं, नळ पुन्हा ठिबकतोय, माझ्याने काही होत नाही, तूच ये आणि बघ.
ती म्हणाली, अहो, प्लंबरचा नंबर आहे ना तुमच्याकडे?
आहे.