मोटारीचा खोकला

कोरीट, माघ, १९६३

श्री. रा. रा. बन्सीलाल दाजींच्या सेवेशी, धाकटा मेहुणा छगन याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. आमच्या अक्काची कंबर, तुमचा ऊस आणि तुमचं विहिरीवरचं ऑइल इंजिन, तिघांची तब्येत कळवावी. (इंजिनाची आधी कळवलीत तरी अक्काला सांगणार नाही.)

लिहायचं आहे आईविषयी, पण मोटारीविषयी लिहिल्याशिवाय ते जमणार नाही. बाबांनी नंदुरबारच्या डॉक्टरांकडून घेतलेली ती जुनी जर्मन मोटार तुम्ही पाहिलीच आहे. इंजिन पाठीमागे, पाणी लागत नाही, नुसत्या वाऱ्यावर गार होतं. (गावाचं मत असं, की जिला पाणी लागत नाही ती वस्तू जिवंत माणसाच्या कामाची नव्हे.) बाबा तिला कुणाला हात लावू देत नसत. सकाळी इंजिन गार असतानाच खळ्यावर पोतं अंथरून बसायचे, पंख्याचा पट्टा चाचपायचे, ऑइल बघायचे, मग सुरू करायचे. इंजिन दोनदा खोकायचं, जरा थांबायचं, घसा खाकरायचं आणि चालू लागायचं. बाबाही तसेच उठायचे. जन्म मिरचीच्या खळ्यावर गेला, दोघांच्या छातीत दुसरं काय असणार.

दिवाळीनंतर बाबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून मी एका सकाळी मोटार सुरू केली. हुबेहूब तोच खोकला. आई आतून सुनेला म्हणाली, "त्या उठनात, चहा ठेव." बाबा उठले म्हणे! हसावं की रडावं ते आम्हाला कळेना. आईनं दोन कप भरले, एक स्वतः प्यायली, दुसरा मोटारीमागे नेऊन ठेवला. तेव्हापासून तोच नेम. मोटार खोकली की आई जेवते, नाहीतर नाही. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, मग सवय झाली. (कप रिकामा परत येतो. मी ते मांजरावर ढकललं आहे. आमच्याकडे मांजर नाही.)

आता माझं शहाणपण ऐका. बाबांची वस्तू नीट राखावी म्हणून मी इंजिन साफ करायला घेतलं. पंख्यानं खळ्यावरची मिरचीची धूळ ओढून आत इतकी साठवली होती, की ब्रश फिरवला तशी सगळी आळी शिंकली. मग कार्ब्युरेटर खोलला. पेट्रोलच्या बारीक भोकापाशी मिरचीचं एक बी अडकलं होतं. ते काढलं, सायकलच्या पंपानं वारा मारला, पुन्हा बसवलं. मोटार पहिल्या झटक्याला सुरू झाली. खोकला नाही, खाकरणं नाही. मी खुशीत आत आलो, तर आई भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "आज त्या उठनात नही." मग माझ्याकडे न बघता, "तूच त्यास्ना आवाज काढी टाका." बाबांचा आवाज मीच काढून टाकला म्हणे. तेव्हापासून ती नुसत्या पाण्यावर आहे. दाजी, मला फार भीती वाटते. बाबांना दैवानं नेलं, आईला माझा पाना नेईल.

तरी तुमच्याकडचा फिटर लगोलग पाठवावा. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

आपला,
छगन

ता. क. फिटर हुशार नको, हुशारी इथं भरपूर झाली. मोटार दुरुस्त करायची नाही, पहिल्यासारखी बिघडवून द्यायची आहे. ते बी मी परत घालून पाहिलं. नुसती शिंकते.

दुसरा ता. क. पत्राची घडी घालत होतो, तेवढ्यात खळ्यावर खोकला झाला. दोनदा. थांबून घसा खाकरला. आई ताडकन उठली, चहा घेतला, भाकरी मागून घेऊन पोटभर जेवली. तेव्हा फिटर राहू द्या, तुम्ही स्वतः या. पत्र आमच्या सालदाराच्या, रायसिंगच्या हाती देतो आहे, त्याच्याबरोबरच एस.टी.त बसा. कार्ब्युरेटर मी कालपासून खोलून ठेवला आहे, तो या क्षणी घमेल्यात माझ्या पुढ्यात आहे. आणि आई बाहेर खळ्यावर बसून माझ्या शहाणपणाची तक्रार सांगते आहे, मधूनमधून थांबून ऐकून घेते आहे, आणि पुन्हा सांगते आहे.