पहिली खेप

उस्ताद, ट्रक चालू आहे. तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, म्हणून आधी हेच सांगून टाकतो. माणसांची खुशाली विचारायची तुमची पद्धत नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही पेढा तोंडात टाकलात, काळे हात पँटला पुसलेत आणि म्हणालात, "बाबू, बॅटरीत पाणी टाकलं काय?" तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तुमची टिनाची शेड नेमकी कुठे होती, हे मलाही चटकन सांगता येत नाही. तिथे आता पाण्याच्या बाटल्या भरतात. शेजारचा वेल्डर तेवढा टिकून आहे, आणि मला पाहिलं की अजूनही मान दुसरीकडे वळवतो. का वळवतो, ते सांगण्यासाठीच बसलो आहे.

आमचं घर कचेरीवाल्यांचं. आजोबा कोर्टात, वडील कलेक्टर कचेरीत, मी जिल्हा परिषदेत. तीन पिढ्यांच्या हाताला शाईखेरीज काही लागलं नव्हतं. वडिलांची स्कूटर घेऊन मी एका रविवारी तुमच्याकडे आलो, स्कूटर अर्ध्या तासात दुरुस्त झाली आणि मी संध्याकाळपर्यंत हललो नाही. पुढच्या रविवारीही आलो. तिसऱ्या रविवारी तुम्ही माझ्या हातात रॉकेलचं टमरेल आणि ब्रश देऊन म्हणालात, "बसलेच हा तं नटबोल्ट धुवा. सरकारचं काम तं तुमच्याच्यानं होत नाही, आमचं तरी करा." तेव्हा दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचा लांब नाकाचा जुना पेट्रोल ट्रक भंगारात कापायला निघाला होता. मी तो घेतला. घरात मला वेड लागल्याचं जाहीर झालं. तुम्ही मात्र त्याच्याभोवती एक फेरी मारलीत, टायरला लाथ घातलीत, मडगार्डवर वाकून इंजिनात डोकं घातलंत आणि आतूनच म्हणालात, "जित्ता हाये."

त्यानंतरचे रविवार मी अजून मोजू शकतो. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवता, मूठ कानाला लावता आणि डोळे मिटता. मी श्वास रोखून उभा. "तिसऱ्याचा आवाज येऊन राह्यला," असं तुम्ही म्हणता, आणि उघडून पाहावं तर तिसऱ्याच पिस्टनचं बेअरिंग गेलेलं. एकदा मी नागपूरहून पॉलिशची डबी आणून समोरची जाळी घासत बसलो होतो, चांगली आरशासारखी केली होती. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि वेल्डरला हाक मारून बोलावलंत. "ये, पाय. बाबू नवरदेव सजवून राह्यले. ब्रेक लागत नाही अन् तोंडाले पावडर!" मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "गाडी पहिले थांबली पाह्यजे, बाबू. मंग चमकली तं चमकली." मला राग आला होता. दुसऱ्या रविवारी तुम्ही एक पाना माझ्यापुढे टाकलात. मॅनिफोल्डच्या मागच्या नटाला कुठलाच पाना पोचत नव्हता, म्हणून तुम्ही तो रात्री घासून बारीक करून आणला होता. माझ्या हाताच्या मापानं मूठही वाकवली होती. आमच्या घरात वाढदिवसाला पेन देतात.

आणि तुमचा तो नियम. इंजिन नवं बांधलं की पहिली खेप फुकट, आणि तीही ज्याला गाडी मिळत नाही त्याची. एका शाळेचे बाक, कोणाच्या छपराची कवेलं, तांड्यावरच्या लग्नाची भांडी. मला आधी वाटलं, हा पुण्यकर्माचा प्रकार आहे. तुम्ही हसलात. "पुण्य गेलं चुलीत. पिस्टनच्या नवीन रिंगा बसाले लोड लागते. रिकामी गाडी खोटं बोलते, बाबू. लोड टाकला का खरं बोलते." मग म्हणालात, "आमच्या पुरखायनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. लदेणी म्हणत त्याले. जे जनावर ओझं वाहत नाही, थे तांड्यात कोनी बांधत नाही."

तुम्ही गेलात तेव्हा ट्रकचं इंजिन खाली उतरवलेलं होतं. सगळे भाग एका जुन्या धोतरावर तुम्ही लावलेल्या क्रमानं मांडलेले. तुमच्यामागे एकट्या पडलेल्या काकी शेड माझ्याकडे सोपवून दिग्रसकडच्या तांड्यावर लेक-जावयाकडे गेल्या. मला ते इंजिन बांधायला दोन वर्षं लागली, त्यातलं निम्मं काम वेल्डरनं केलं. ज्या दिवशी ते चालू झालं, त्या दिवशी आम्ही दोघं शेडमध्ये मूर्खासारखे हसत होतो. मग मी रंग दिला. अस्सल मूळ रंग, बाटलीहिरवा, सात हात.

कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. यवतमाळात रोज कुठलं ना कुठलं पाहणी पथक उतरायचं, हॉटेलांना खोल्या पुरत नव्हत्या. त्याच काळात शहरातल्या काही सद्गृहस्थांना जुन्या गाड्यांचा शौक लागला. एक हाडांचे डॉक्टर, एक बिल्डर आणि एक बियाण्याच्या दुकानाचे मालक. या तिसऱ्यांच्या पिशव्यांतलं निम्मं बी जमिनीत गेलं ते वर आलंच नाही, पण त्यांच्या गाडीचा हॉर्न मात्र मूळचा होता. त्यांनी क्लब काढला. मला बोलावलं, कारण ट्रक दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मी गेलो. उस्ताद, मी उड्या मारत गेलो. डॉक्टरांची गाडी तर ट्रेलरवर चढून यायची. नवरदेवाला वऱ्हाड्यांनी कडेवर घेऊन मांडवात आणावं, तशी. तिला गाडी म्हणायचं, आणि वरून अत्तर फवारायचं. मी हे सगळं पाहून हसत होतो आणि बैठकीला वेळेआधी पोचत होतो.

रॅली ठरली रविवारी. नाव ठरलं 'कास्तकाराला सलाम'. माझ्या ट्रकवर कापूस भरायचा, त्यावर बॅनर, मागून बाकीच्या गाड्या. बियाणेवाले म्हणाले, "असली कापूस नको हं. सरकी असते, कचरा असतो, पाहुण्यांच्या कपड्याले चिकटते. गादीवाल्याकडचा पिंजलेला आणू. खाली थर्माकोल, वरतून कापूस. गाडीच्या रंगालेही धक्का नाही." ज्या माणसानं जन्मभर कापसाचं बी विकून बंगला बांधला, त्याला कापसातली सरकी नको होती. कोणी हसलं नाही. मीही नाही. मला ते रंगाचं तेवढं पटलं होतं.

त्याआधीच्या गुरुवारी काकी आल्या. दिग्रसहून एसटीनं यवतमाळ, तिथून लोहाऱ्यापर्यंत ऑटोनं आणि पुढे पायी. मी नुकताच ट्रक चालू करून, ऐकून, बंद केला होता. त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं.

"घरात निजाले जागा नाही, बाबू," त्या म्हणाल्या. "तिन्ही खोल्या कापसानं भरल्या. किडे झाले त्यात. नातीच्या अंगाले खाज सुटली, रातभर खाजवते लेकरू. जवाई ट्रकवाल्याईकडे जाऊन जाऊन थकला. साऱ्या गाड्या खरेदी केंद्रावर रांगेत उभ्या हायेत, एक रिकामी होत नाही. शनिवारी काटा बंद होते म्हणतात." मग ट्रककडे पाहून, "एकच खेप पाह्यजे. इचीही पहिली खेप बाकीच असन ना?"

उस्ताद, त्या हात पसरायला आल्या नव्हत्या. तुमच्या शेडचा नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. त्या आठवण द्यायला आल्या होत्या. आणि मी काय पाहत होतो? ओल्या कापसाचे बोजे, मागच्या फाळक्यावर चढणारे चार पाय, तांड्याचा दगडी रस्ता आणि माझ्या रंगाचे सात हात.

मी म्हणालो, "काकी, इंजिन उतरवलंय हो. रिंगांचं काम निघालं."

त्या उठल्या. ट्रकपाशी गेल्या, आणि बॉनेटवर तळवा ठेवला. तव्यावरची पोळी उचलताना घ्यावा तसा लगेच मागे घेतला. बॉनेट गरम होतं. खाली फरशीवर ना धोतर होतं, ना एक नट. मेकॅनिकच्या बायकोला इंजिन उतरवलेली गाडी ओळखायला किती वेळ लागतो? मी तरीही थांबलो नाही. म्हणालो, "उन्हानं तापलंय." शेडमध्ये उभा होता ट्रक. टिनाखाली.

"हो," त्या म्हणाल्या. "ऊन लय हाये यंदा." मग रंगाकडे पाहिलं. "छान दिसून राह्यली मात्र. थे असते तं खूश झाले असते." मी त्यांना ऑटोपर्यंत सोडतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या. वेल्डर त्याच्या दारात काळा चष्मा कपाळावर सरकवून हे सगळं ऐकत होता. त्यानं चष्मा पुन्हा खाली ओढला.

रविवारी रॅली निघाली. ट्रक लोण्यासारखा चालला. रिकामा होता ना, खोटं फार गोड बोलत होता. बसस्टँडच्या चौकात एसटीची वाट पाहणारे लोक उभे होते, त्यातला एक ओरडला, "अबे थे पाय, गादी चालली ट्रकात!" दुसरा म्हणाला, "भाव काय भेटला बे गादीले?" सगळा चौक हसला. बियाणेवाले माझ्या शेजारी केबिनमध्ये बसले होते. त्यांनी हात हलवून सलाम केला. त्यांना वाटलं, स्वागत आहे. मला ठाऊक होतं काय आहे ते, आणि मीही हात हलवला. संध्याकाळी मला गाडीची मूळ स्थिती जपल्याबद्दल ढाल मिळाली. देणाऱ्यांनी भाषणात कास्तकाराच्या घामाचा उल्लेख तीनदा केला आणि रुमालानं स्वतःचा टिपला.

सोमवारी वेल्डरनं सांगितलं. एवढंच त्याचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. "जवायानं बैलगाड्या जुतल्या. तीन गाड्या. शनिवारी सांजच्याले पोचला, तं गेट लागलं होतं. गेटाबाहेर व्यापारी उभाच होता. त्यानं जे म्हटलं त्यात देऊन टाकला." मग तो खाली बसून वेल्डिंगची कांडी बदलायला लागला आणि मान न उचलता म्हणाला, "उस्तादची गाडी असती तं शुक्रवारी दुपारीच पोचला असता कापूस." उस्तादची गाडी. माझं नाव कागदावर होतं, तेव्हाही आणि आताही.

तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, हेही लिहून ठेवतो. लोड न देता गाडी नुसती शोभेला फिरवली, रिंगा बसल्याच नाहीत. ट्रक ऑईल पितो आता, निळा धूर सोडतो. क्लबमध्ये नवी मंडळी आली आहेत, ती त्या धुराचे फोटो काढतात. जुन्या काळाचा फील येतो म्हणे. मी त्यांना कारण सांगत नाही.

पुढच्या हंगामात मी फोन केला होता. वर्षभर मनात जुळवलेलं वाक्य होतं: काकींना सांगा, ट्रक घेऊन मी स्वतः येतो, म्हणतील तितक्या खेपा. जावयानं ऐकून घेतलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "यंदा पऱ्हाटी लावलीच नाही, बाबू. सोयाबीन हाये, थे पोत्यात भरते, टेम्पोत जाते." मग फोनवर हात ठेवून त्यानं आत सासूला विचारलं, आणि परत येऊन म्हणाला, "मामी म्हणते, राहू द्या. रंग खराब होईल तुमचा."

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आलेला कागद काकीच वाचून दाखवायच्या. हे पत्र जिवंतपणीही मी तुम्हाला धाडू शकलो नसतो, तर आता काय. म्हणून कोणी वाचणार नाही अशा जागी एवढं लिहून टाकतो: फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. मग मी फडकं घेतलं आणि बॉनेट पुसत बसलो.