उट्रेक्टच्या कॅनॉलात वर्षाराणी

प्रिय प्रसेन,

फोनवर तू 'हं' म्हणतोस, मेसेजला अंगठा दाखवतोस आणि 'नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. ते नंतर काही उगवत नाही. म्हणून आज कागद घेतला. तू दिवसभर वाचतच असतोस, राज्यघटना, पंचवार्षिक योजना, कुठल्या नदीला कुठली उपनदी. त्यात आईची चार पानं जड होऊ नयेत. ह्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही, तेव्हा हायलायटर बाजूला ठेव आणि नुसतं वाच.

निकालाचं लगेच लिहून टाकते, म्हणजे ते कुठं येतंय ते बघायला तू पानं उलटत बसणार नाहीस. तुझा 'नाही झालं' हा मेसेज मला तिकडं परदेशात, उट्रेक्टमध्ये मिळाला. तेव्हापासून तू एक धड वाक्य बोललेला नाहीस. हातकणंगले स्टेशनवर गाडी हलताना तू म्हणाला होतास, पोस्ट काढल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही. पप्पांना तेव्हा अभिमान वाटला होता, मला मात्र ती शपथ रुचली नव्हती. त्याला आता चार वर्षं होतील. तू परत परीक्षेला बसणार की सोडणार, हे मला विचारायचंच नाही. तू कसा आहेस तेवढं मला हवंय, आणि नेमकं तेच कळेनासं झालंय. त्या काळजीतच मी अख्खं शहर पायी फिरले, तेव्हा शहराची हकीकतही ऐकावी लागेल.

जायला तूच सांगितलं होतंस. 'आई, जा की, जन्मभर लसी टोचल्यास, आता तरी फिर.' स्वप्नालीनं सगळं फोनवर जमवलं. ती माझ्या जागी उपकेंद्रावर आलेली नर्स, तुझ्याहून थोडी मोठी, तोंडानं फटकळ आणि हिशेबात पक्की. ट्रॅव्हल कंपनीच्या झेंड्यामागं मेंढरांसारखं चालायचं नाही, असं तिचं आधीच ठरलेलं. पाठीवर सॅक, राहायला हॉस्टेल, फिरायला रेल्वे. तिसरी आपली वर्षाराणी काकू. तिनं म्हशी सुनेच्या गळ्यात घातल्या आणि निघाली. जन्मभर वैरणीचे भारे वाहिलेल्या बाईला सॅकचं काय कौतुक. विमानतळावर तिनं ती आधी डोक्यावरच घेतली होती.

हॉस्टेलमध्ये आठ जणांची एक खोली, रेल्वेसारख्या एकावर एक खाटा. वर्षाराणीनं वरची मागून घेतली, म्हणाली, माळ्यावर चढायची सवय हाय मला. तिथल्या फ्रिजमध्ये तिनं हिरव्या मिरचीच्या खर्ड्याचा डबा ठेवला होता. एका स्पॅनिश पोरानं पावाची चटणी समजून त्यातला चमचाभर पावावर फासला. त्याचे डोळे असे भरून आले की आम्ही तिघींनी मिळून त्याला दही खायला घातलं. दुसऱ्या दिवसापासून तो वर्षाराणीला 'काकू' म्हणायला लागला, आणि खर्डाही मागायला लागला, पण नखाएवढा.

उट्रेक्ट म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा धाकटा भाऊ समज. अ‍ॅमस्टरडॅमला राहणं परवडेना म्हणून आम्ही इथं उतरलो, आणि बरं झालं. इथला कॅनॉल रस्त्याच्या बरोबरीनं वाहत नाही, तो एक मजला खाली आहे. पाण्याला लागून दगडी कट्टा, आणि कट्ट्याला लागून तळघरं. पूर्वी होडीतून आलेला माल त्या तळघरांत ठेवायचे, आता तिथं हॉटेलं आहेत. झाडं खालच्या कट्ट्यावर उगवलेली आणि त्यांचे शेंडे वर रस्त्याला, त्यामुळं रस्त्यानं चालताना शेंड्याची पानं हाताला लागतात. मला ते फार आवडलं. वर्षाराणीनं मात्र कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'मीने, ह्या पाण्याची पाळी कुणाची हाय?' स्वप्नालीनं समजावलं की हे पाणी शेतीचं नाही, नुसतं होड्यांना आणि बघायला आहे. वर्षाराणीला ते काही पटलं नाही. एवढं पाणी आणि एक मोटर न्हाई, असं ती संध्याकाळपर्यंत पुटपुटत होती.

इंग्रजी येत नाही याचं तिला ओझं नाही. समोर येईल त्याला ती मराठीतच गाठायची. 'काय पावणं, बरं हाय न्हवं?' म्हटलं की ते उंच उंच लोक थांबायचे, त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायचे, ही मान डोलवायची, आणि दोघं खूश होऊन आपापल्या वाटेनं जायचे. एका म्हातारीनं तर हिला घरात नेऊन कॉफी पाजली. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाली, गुडघ्याचं बोललो. मी इंग्रजी जुळवत बसायचे आणि मला कुणी कॉफी पाजली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझा मेसेज आला. आम्ही पुलावर उभ्या होतो, स्वप्नाली फोटो काढत होती. मी त्या दोघींना काही सांगितलं नाही. 'बरं. जेवलास का?' एवढंच तुला लिहिलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मग मी चालत राहिले. त्या दिवशी काय पाहिलं ते मला आठवत नाही, फोटोत मी हसते आहे म्हणून कळतं की तिथं होते. तू लहानपणी किती दंगेखोर होतास ते आठवत होतं. कबड्डीत हरलास की सोप्यात लोळण घेऊन रडायचास, गल्लीला कळायचं प्रसेनची टीम हरली. परीक्षेत पहिल्यांदा नापास झालास तेव्हा पेपर काढणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्यास, मी फोन कानापासून लांब धरून ऐकत होते. दुसऱ्यांदा गेलास तेव्हा रडलास. ह्या वेळी दोन शब्द लिहिलेस, आणि पुढं काहीच नाही. मला वाटलं, पोरगा समजूतदार झाला, पचवायला शिकला. खरं सांगते, दुपारपर्यंत मी माझी अशीच समजूत घालत होते.

दुपारी ऊन चांगलं तापलं होतं. त्या लोकांना ऊन म्हणजे सणच, सगळं शहर कॅनॉलवर आलेलं. आम्ही खालच्या कट्ट्यावर पाण्यात पाय सोडून बसलो होतो. समोर पाच-सात पोरंपोरी फळीवर उभं राहून वल्हवायचा खेळ खेळत होती. त्यातली एक सोनेरी केसांची पोरगी फळीवरून पडली आणि हात आपटत जोरजोरात ओरडायला लागली. मी दचकून उठले. वर्षाराणी जागची हलली नाही, शेंगा सोलत बसली. मग ती पोरगी ओरडायची थांबली, पाण्याखाली गेली आणि वर आलीच नाही. तिचे सोबती दुसरीकडे बघून हसत होते. तेवढ्यात माझ्या शेजारी धप्पकन आवाज झाला, आणि बघते तर शेंगांची पुडी कट्ट्यावर अन् वर्षाराणी पाण्यात. चांगला नवा पंजाबी ड्रेस, ओढणीसकट. तिनं असा मुटका मारला की काठावरच्या दोन टेबलांवर पाणी उडालं.

मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. आमच्या वस्तीला विहीर नव्हती, आणि ज्यांना होती ते आम्हाला पायरी उतरू देत नव्हते. त्यातलीच एक वर्षाराणीच्या वडिलांची, पिराजीआण्णांची. आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी, तिलाही हे सगळं ठाऊक आहे. तुला पाठीला वाळका भोपळा बांधून तिनं पोहायला शिकवलं ते त्याच विहिरीत. त्यावर आम्ही दोघी कधी काही बोललो नाही, बोलायची गरज पडली नाही.

तर वर्षाराणी खाली गेली, आणि वर आली ती त्या पोरीच्या केसांना धरूनच. आपल्याकडं बुडत्याला असंच काढतात, मागून केस धरायचे, म्हणजे तो गळ्यात मिठी मारून आपल्याला खाली नेत नाही. पोरगी अशी किंचाळली की वरच्या पुलावरचे लोक थांबले. ती बुडत नव्हतीच. पाण्याखाली श्वास कोण जास्त धरतो, असा त्यांचा खेळ चालला होता. हे कळायच्या आत वर्षाराणीनं तिला ओढत काठाला आणून, पालथी घालून पाठीत दोन धपके घातले होते. स्वप्नाली हात जोडून सगळ्यांची माफी मागत होती. पोरगी आधी लाल झाली, मग तिच्या मित्रांनी बुडण्याची नक्कल करून तिला काय झालं ते सांगितलं, आणि ती जी हसत सुटली ती थांबेना. मग तिनंच स्वतःचा टॉवेल वर्षाराणीच्या अंगावर टाकला. हॉटेलवाल्यानं सूप आणून दिलं. वर्षाराणी टॉवेल गुंडाळून महाराणीसारखी बसली आणि सूपात मीठ कमी आहे म्हणाली.

स्वप्नाली मात्र तापली होती. काकू, आधी विचारायचं तरी, परक्या देशात पोलीस आले असते तर काय केलं असतं, असं सगळं ती बोलली. वर्षाराणीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'वरडत हुती तवर मी हलले का? वरडणाऱ्याकडं अजून दम असतोय. आमचं आण्णा म्हणायचं, इहिरीत जे पोर गप्प हुतंय त्येला आधी धरायचं. आन् इचारायचं काय त्येला? बुडाय लागलायस का म्हणून? त्येला बोलाय येत असतं तर बुडलं असतं व्हय? आपण उडी टाकायची. चुकलं तर शिव्या खायच्या. पोरगी हाय न्हवं जित्ती? मग झालं तर.'

प्रसेन, मी तीस वर्षं नर्स होते. तापानं रडणारं पोर आणि तापानं निपचित पडलेलं पोर, यातलं आधी कुठलं बघायचं हे मी आयांना शिकवलं. आणि माझं पोर गप्प झालं तर मी त्याला समजूतदार म्हणत होते. तिथंच कट्ट्यावर मी मोबाईल काढून तुझा मेसेज त्या दोघींना दाखवला. स्वप्नालीनं माझा हात धरला. वर्षाराणीनं मेसेज वाचला नाही, नुसतं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, 'पोरगं वरडलं का?' मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग चल घरला. आमचे अजून चार दिवस आणि दोन शहरं बाकी होती, ती तशीच राहिली. मी तुला हे कळवलं नाही, कारण तू 'कशाला आलीस, मी ठीक आहे' म्हणाला असतास.

घरी आल्या आल्या मी तुझ्या खोलीवरच्या धम्मपालला फोन केला. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं आपणहून काही सांगितलं नाही, मी खोदून विचारलं. तो म्हणाला, प्रसेन अभ्यासिकेत येत नाही, डबा तसाच परत जातो, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. मी पप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मला भीती होती ते अभ्यासाचं काहीतरी बोलतील. ते आत आले आणि म्हणाले, 'सायब ऱ्हाऊ दे, पोराला घिऊन ये.'

हे पत्र गाडीत बसून लिहिलंय, मिरजेपासून पुढचं अक्षर बिघडलंय ते तिच्या हादऱ्यानं. पाकिटावर तिकीट नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, धम्मपालच्या हातून मी वर पाठवलंय. तुझ्या खोलीच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यापुढच्या बाकावर मी बसले आहे. वर्षाराणीही सोबत आहे. गावात पाय ठेवायचा नसेल तर ठेवू नकोस, मी आग्रह करणार नाही. शपथ हातकणंगल्याची आहे, मामाच्या आजऱ्याची नाही. आपण मामाकडं जाऊ, तिथं पाहिजे तेवढं झोप, आणि मग तिथल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं दोघं जाऊ. निकालाचं कुणी विचारायचं नाही, असं मामाला बजावून ठेवलंय. मी तुला विचारून आलेले नाही. तू ठणठणीत असशील आणि माझं चुकलं असेल, तर खिडकी उघड आणि वरून मला शिव्या घाल. सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं घाल. मी इथंच बसून ऐकेन, तुझा आवाज तरी येईल.

तुझीच,
खाली बसलेली आई