माझ्या गोळ्या आणि रेवाचं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ

रेवा अजून बोलत नाही. सख्ख्या आजीशी अबोला!

नात माझ्याकडे राहून कॉलेज करते, बाप, म्हणजे माझा सुहास, पुण्यात. पैसे वापरायला शिकावं म्हणून त्याने तिला प्रीपेड कार्ड दिलं आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज स्वतःच्या मोबाइलवर लावून घेतला. तर्री-पोहे खाल्ले की याचा फोन. हे शिकवणं? कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर आमची पत्रं फोडून वाचायच्या, त्यातलाच प्रकार. म्हणून ती माझ्या बीपीच्या गोळ्या कार्डावर आणायची आणि मी तिला तेवढे रोख द्यायचे; रोखीचा मेसेज जात नाही.

आज सुहास फोनवर म्हणाला, "आई, पोरीला शिस्त लागली बघ. खर्च फक्त मेडिकलमध्ये!"

मला राहवलं नाही. "शिस्त कसली? माझ्या गोळ्या आहेत त्या. ही पाळत बंद कर आधी."

त्याने कार्डच बंद केलं.

"आजी, तुले गप्प राहता नाई आलं? काऊन सांगतलं?" एवढं बोलून रेवाने दार लावून घेतलं.

मी खरं तेच बोलले ना? मग हे काय होतंय?

गोळ्यांची स्ट्रिप रिकामी आहे. आणून दे, एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. माझी!