बाविसावे पान

श्रीगजाननास वंदन करून मी, त्र्यंबक नरहर सेवलीकर, वय ८२, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार उस्मानपुरा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण चिरंजीवांना अलीकडे तशी शंका येते.

१. राहते घर चि. इंद्रजीतला, कलम २ च्या अधीन राहून.

२. देवघरातील फडताळात दाबून ठेवलेल्या वनस्पतीच्या सात फांद्या माझी नात, वनस्पतिशास्त्राची संशोधक चि. तनुजा हिला. ही वनस्पती शास्त्राला अज्ञात असल्याचे ती सांगते. शोधनिबंध छापला की वनस्पतीला लॅटिन नाव मिळेल, आणि ते पुढे कोणाच्या मर्जीने बदलत नाही. म्हणून अट : ते नाव श्रीमती सारजाबाई पुंजाराम बनकर यांच्यावरून ठेवावे. माझ्यावरून ठेवल्यास घर वेदपाठशाळेस जाईल.

कारण नमूद करतो. सारजाबाई तीस वर्षे दौलताबादकडच्या डोंगरातून आमच्याकडे गणपतीची पत्री आणतात. सात वर्षांपूर्वी जुडीत एक अनोळखी पान दिसले. एकवीसची संख्या भरण्यास रानगवत घातले असे समजून मी ते अंगणात भिरकावले व त्यांना लबाड म्हटले. तेही स्थापनेच्या दिवशी.

त्या म्हणाल्या, "मोजून घ्या गुरुजी. ह्ये बाविसावं हाय. एकाच कड्याला येतं, दुसरं कुटंच नाय. तुमी लई शिकल्याले, म्हनून नाव इचाराया आनलं."

मी मोजली. एकवीस पूर्ण होती. नाव मला सांगता आले नाही. पुढे दरवर्षी त्या एक फांदी फुलासकट देत गेल्या. वरील सात त्याच.

इंद्रजीत म्हणतो, "नाना, घराण्याचं नाव अमर करायचं सोडून पत्रीवालीचं? लोक हसतील."

हसोत. जन्मभर नामरूप मिथ्या आहे असे शिकवून मरताना आपले नाव झुडपाला बांधणे मला जमणार नाही. आणि मिथ्याच असेल, तर सारजाबाईंना दिल्याने तुझे काय जाते?

३. मागची खोली सारजाबाईंना देणार होतो. साक्षीदारही त्यांनाच करू म्हटले, तर वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष कोर्टात कच्ची ठरते.

त्या इंद्रजीतसमोरच म्हणाल्या, "मंग खोली नगं. साक्षीला मीच बसते. तुमच्या मागं ह्यो म्हनंल, म्हाताऱ्याला चळ लागला व्हता. तवा सांगाया कुनी पायजे का नाय?"

खोलीचे कलम मी खोडले आहे.

छत्रपती संभाजीनगर, मार्गशीर्ष वद्य दशमी, १४ डिसेंबर २०२५

(सही) त्र्यंबक नरहर सेवलीकर

साक्षीदार :
१. (सही) फारूख शेख, शेजारी
२. सारजाबाई पुंजाराम बनकर, डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला, मान्य.