अमृतला काय काय यायचं

वालूर, ता. सेलू
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रायभान यास दैवशालाताईचे अनेक आशीर्वाद.

मी आणि अमृत, आम्ही दोघं भावंडं बरी आहोत. हरभरा निघाला. एका शेळीला तीन करडं झाली आणि तिन्ही जगली. तुझ्या सविताचा गुडघा कसा आहे? फोन असून ताई पत्र का लिहिते म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला पुरतं बोलू देतोस कुठे!

मागं तू म्हणालास, "अमृत जन्मापासून तसाच हाय, त्याचं काय तपासायचं?" त्याचं आज उत्तर देते.

दिवाळीनंतर त्याचं विसरणं वाढलं, म्हणून आरोग्य खात्याच्या आशाताईंनी सांगितलं तसं त्याला जिंतूरच्या तपासणी शिबिरात नेलं. तिथं तपासणाऱ्या एका मुलानं त्याला आज तारीख काय, वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारलं. अमृत आपला हसत बसला. मुलानं कागदावर शून्य लिहिलं. माझं डोकंच फिरलं. एकोणपन्नास वर्षांत ज्यानं कधी तारीख सांगितली नाही, तो आज विसरला कसं म्हणणार?

तेवढ्यात अर्पिता नावाच्या सिस्टर आल्या. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "ताई, यांना आधी काय काय यायचं आन् आता काय येत न्हाई, तेवढं सांगा. यांची बरोबरी यांच्याशीच करायची हाय."

मग काय, मी सुरूच झाले! संध्याकाळी शेळ्या रानातून आल्या की डालग्याखाली कोंडलेली करडं सोडून प्रत्येकाला त्याच्याच आईला प्यायला लावायचं, हे काम अमृतचं. चाळीस शेळ्या होत्या तेव्हाही एक चूक नाही. आपले आबा चुकायचे, तू तर रोज चुकायचास. नवखी शेळी पिल्लाला लाथ मारायची, तर हा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि ती उभी राहायची. सिस्टर लिहीत होत्या आणि मला लय अभिमान वाटत होता.

"आन् आता?"

"आताबी सगळं येतं की!"

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

"तोच लावतो," मी म्हणाले. आणि रायभान, तेव्हा माझेच हात त्याचं वरचं बटण लावत होते.

सिस्टरांनी माझ्या हातांकडं पाहिलं. हळूच म्हणाल्या, "ताई, तुमी त्यांना झाकायलात. मग मला दिसावं कसं?"

मी रडले. त्या मुलासमोर रडले. मग खरं सांगितलं. तो दुसऱ्याच शेळीखाली करडू धरतो, शेळी लाथ मारते आणि तो हुंदके देतो. म्हणून तो यायच्या आधीच मी करडं लावून ठेवते. न्हाणीत कशाला आलो ते त्याला आठवत नाही. चार पानं भरली.

रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं, गोळी सुरू झाली. कानातला मळ काढला. त्यानं थोडा फरक पडला, पण पुरता नाही. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मतः बुद्धीची वाढ कमी असलेल्या अशा माणसांना विसरण्याचा आजार लवकर लागतो आणि अमृतला तो लागलाय. दर सहा महिन्यांनी त्याच चार पानांशी ताडून बघणार आहेत. म्हणाले, "बहुतेकांचा हा कागद कोराच येतो. आधी काय यायचं, हे घरात कुणाच्या ध्यानातच नसतं." आपल्या अमृतचा कागद भरलेला आहे. तू म्हणतोस तसा तो 'तसाच' कधीच नव्हता, रायभान. त्याला जे यायचं ते तुला-मला आलं नाही.

आता एक राहिलं. "लांबच्या माणसाला आवाजावरून ओळखतात का?" असंही सिस्टरांनी विचारलं होतं. मी म्हणाले, "भावाला ओळखतो." घरी येईपर्यंत जिवाला चैन नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करून ते खोडायला लावलं.

रविवारी तो तुला "रायबा, भाकर खाल्ली का?" म्हणतो ना, ते मी त्याच्या कानात सांगते, मग तो म्हणतो. संक्रांतीपासून असंच चाललंय. तुझा फोटो दाखवला तर विचारतो, "ह्यो कोन हाय?" तुला वाईट वाटेल म्हणून मी तुलाही झाकत होते.

ये एकदा. सुट्टीची वाट बघू नकोस. दारात उभा राहिलास की तुझं नाव तूच सांग, मी सांगणार नाही. नाही कळलं तर पुन्हा सांग. भाकरीचं मात्र तो विचारीलच. दारात येईल त्याला अजून विचारतो, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नाही.

त्याची आणि तुझी बहीण,
दैवशाला