थिनरने पुसलेला पडदा

दादा,

बाबांच्या ऑसिलोस्कोपवर दहा वर्षांत कधी फडकं मारलं नाहीस, आणि गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर तुला स्वच्छतेचा उमाळा आला! पडद्यापुढचं तावदान काचेचं नाही, प्लास्टिकचं आहे. तुझ्या थिनरने ते दुधाळ झालं आणि मोजायच्या रेघाही गेल्या. पडद्यावर विजेची लाट नुसती नाचत होती, मोजता येत नव्हती. साबणाचं पाणी पुरलं असतं. मला विचारायचं होतंस. पण मग विकतोयस हेही सांगावं लागलं असतं.

नवं तावदान कापून, रेघा कोरून बसवलंय. आता खुशाल विक. मी मैत्रिणीकडे राहायला जातेय.

बाबांच्या फोटोची काच मी पुसून ठेवली आहे. तिला तू हात लावू नकोस.

धाकटी